दोन बोटं जागा

भाड्याची खोली बघायला गेलेल्या मुलीला घरमालक काय काय विचारतात, याची मला तोवर चांगली सवय झाली होती. लग्न झालंय का, मांसमच्छी करणार का, रात्री किती वाजता येणार, येणारे-जाणारे कोण. इंदिरानगरातल्या त्या बंगल्याच्या फाटकात उभ्या असलेल्या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही. अंगात बनियन, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, हातात ग्रीसने काळं झालेलं फडकं. त्यांनी मला एकदा पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वजन किती तुझं?"

मी तडक मागे फिरणार होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईचा आवाज आला, "अहो, भाडेकरू आहे ती. गव्हाचं पोतं नाहीये."

"तेच म्हणतोय मी. पोतं दर वळणावर कलंडतं," ते तिकडे न बघता म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "साठ? बासष्ट?"

"एकसष्ट," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांना त्यांची वजनं विचारते आणि ते खोटं सांगतात. मला मात्र खोटं सांगायचं सुचलं नाही.

"काकूपेक्षा एकच किलो कमी. जमेल. कधी येतेस राहायला?"

अशी मला ती वरची खोली मिळाली. भाडं कमी होतं, पाणी चोवीस तास होतं, आणि दर रविवारी सकाळी गाडीत वजन म्हणून बसायचं, ही अट होती.

गाडी पोर्चमध्ये उभी असायची. उभी म्हणण्यापेक्षा दबा धरून बसलेली असायची. लांबलचक नाकाची, दोन दारांची, हिरव्या रंगाची जुनी अमेरिकन गाडी. पुढून खाली वाकलेली, मागून उचललेली, आणि मागे हे एवढे रुंद टायर. स्टीअरिंग डावीकडे. चालू केली की माझ्या खोलीतल्या मांडणीवरची भांडी आपापल्या जागा बदलायची. काकांनी ती लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या शेडमधून उचलली होती. व्यापाऱ्याच्या वडिलांनी कधीतरी मुंबईहून हौसेनं आणलेली, मग बंद पडलेली, आणि पुढे कित्येक हंगाम तिच्यावर कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागलेली. काकांनी तिचा नटन् नट सोडवून पुन्हा बसवला. पण अजूनही पंखा सुरू केला की जाळीतून कांद्याचं एखादं टरफल उडून तोंडावर येई. काका ते खिशात ठेवून देत. फेकून का देत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिचं आहे ते."

काका अंबडला स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. सबंध नोकरी त्यांनी स्प्रिंगा दाबून बघण्यात घालवली, आणि त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट किती दबली आहे, यावरच त्यांचं लक्ष असे. रस्त्यात रिक्षा दिसली की, "बघ, मागून बसलीय. आत तिघं नाहीत, चौघं आहेत." आमच्या गल्लीतून एक सासू-सून रोज फिरायला जात. त्यांच्याकडे बघून, "सासूचं पुढचं सस्पेन्शन गेलंय." मी हसले की त्यांना राग येई, कारण ते थट्टा करत नसत. ओळख करून दिलेल्या माणसाचं नाव ते हमखास विसरत, पण तो डाव्या पायावर भार देऊन उभा राहतो, हे वर्षभराने सांगत. मी आमच्या क्लिनिकमध्ये जे तपासून सांगायचे, ते काका फाटकातून ओळखायचे, आणि निम्म्या वेळा साफ चुकायचे. चुकलं की म्हणायचे, "मग त्याचे बूट वाईट असतील."

गाडी कशी उभी राहावी, याबद्दल त्यांची मतं पक्की होती. ती थांबलेली असतानाही निघाल्यासारखी दिसली पाहिजे. पुढून वाकलेली पाहिजे, पण लोळता कामा नये. आणि मागचं चाक मडगार्डच्या आत असं बसलं पाहिजे की दोघांत दोन बोटं जागा राहील. कमी नाही, जास्त नाही. "नवरा-बायकोत असते तेवढी," ते म्हणत. "जवळ तर पाहिजे, पण घासायला नको."

यावर खिडकीतून काकू म्हणत, "आमची घासते."

गाडी खरंच घासायची, आणि टेकायचीही. त्याचीच तर ही सगळी गोष्ट आहे.

मी राहायला येण्याआधी काही वर्षं गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली, तेव्हा काकांनी काकूंना घेऊन पुतण्याच्या लग्नाला जायचं ठरवलं. काकू पैठणी नेसून, नथ घालून, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन बसल्या. गल्लीच्या तोंडाशी त्याच आठवड्यात नवा स्पीडब्रेकर झाला होता. गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून सिमेंटचा, चांगला गुडघाभर उंच करून घेतला होता. काकांनीही वर्गणी दिली होती. मोटरसायकलवाल्या पोरांसाठी आहे, असं त्यांना वाटलं. तो पोर्चमध्ये गुरगुरणाऱ्या त्यांच्याच गाडीच्या आवाजाला घाबरून बांधलाय, हे गल्लीत फक्त त्यांनाच माहीत नव्हतं.

गाडी त्या स्पीडब्रेकरवर पोटावर अडकली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि मधे काकू, नथीसकट. मागचे टायर जागच्या जागी फिरून मडगार्डला घासले, जळक्या रबराचा धूर आत आला. गल्लीतले बाप्ये बाहेर आले. कुणी ढकला म्हणालं, कुणी उचला म्हणालं. एकाने काकूंना, "वहिनी, तुम्ही उतरता का, हलकी होईल," असं विचारलं. काकू उतरल्या. रिक्षा केली आणि एकट्याच लग्नाला गेल्या. तिथे जाऊबाईंनी विचारलं, "भाऊजी कुठायत?" तर म्हणाल्या, "स्पीडब्रेकरवर."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पैठणी हुंगून पाहिली. रबराचा वास होता. मग त्या काकांना एवढंच म्हणाल्या, "ही गाडी त्या स्पीडब्रेकरवरून न टेकता, न घासता जाईल, त्या दिवशी मी हिच्यात बसेन. तोवर पाय ठेवणार नाही."

एवढ्यावर कुणीही गाडी चार बोटं उंच केली असती आणि मोकळा झाला असता. पण उंच केली तर ती दिसायला गाडी राहत नाही, हे काकांचं दुखणं. त्यांना दोन्ही हवं होतं. गाडी अशीच हवी होती आणि शेजारी काकूही हव्या होत्या. त्यांचे सगळे रविवार त्यापायी गेले, आणि मी तिथे असेपर्यंत माझेही.

रविवारची पद्धत ठरलेली होती. साताच्या सुमारास काका हॉर्न वाजवत. मी उजव्या सीटवर जाऊन बसे, मांडीवर एक किलोची साखरेची पुडी. ती काकूंच्या आणि माझ्या वजनातला फरक भरून काढायला असे. गाडी हळूहळू गल्लीच्या तोंडाशी जाई. स्पीडब्रेकरच्या आधी काका म्हणत, "श्वास सोड." मग आम्ही वर चढून पलीकडे उतरत असू, मुंबई नाक्यापर्यंत जाऊन वळून येत असू. पोर्चमध्ये गाडी लागली की दोघंही खिडकीकडे बघत असू. आत काकू भाजी निवडत असत.

"टेकली," काकू मान वर न करता म्हणत. "मधला पाइप." किंवा, "टेकली नाही, पण मागचं डावं घासलं."

काकूंचा कान विलक्षण होता. पंचवटीतल्या एका भजनी मंडळात त्या दर शनिवारी पेटी वाजवायच्या. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकून "त्यांची रिंग बदलायला झाली" असं सांगायच्या. गल्लीच्या तोंडाशी टेकलेली गाडी त्यांना घरात बसून ऐकू यायची. एकदा आम्हा दोघांना काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं, आणि काकू म्हणाल्या, "टेकली." काका चिडले. ओला चुना घेऊन गेले, स्पीडब्रेकरच्या माथ्यावर फासला, पुन्हा मला बसवून गाडी नेली. परत आल्यावर गाडीखाली गेले, आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. सायलेन्सरच्या पोटावर चुन्याची बोटभर लांब रेघ होती. काकूंनी तोवर मेथी निवडून संपवली होती.

काकांचा एक मिस्त्री होता, सटाण्याकडचा, अहिराणी बोलणारा. अंबडच्या रस्त्याला त्याचं छोटंसं गॅरेज होतं, पण रविवारी तो आमच्याकडेच पडीक असे. काका आणि तो दोघंही टेप वापरत नसत. सगळी नोकरी गेज आणि मापांत गेलेल्या काकांना मापांचा वीट आला होता. घरच्या गाडीला बोटांनीच मोजायचं, असा त्यांचा हट्ट होता. एकदा दोघांनी मिळून मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, खोलून पुन्हा बसवले. काकांनी डावी बाजू बसवली, मिस्त्रीने उजवी. दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा ठेवली, आणि गाडी डावीकडे कलली.

त्यानंतर जो घोळ झाला, त्यात माझा बळी गेला. काकांच्या मते पाटे बरोबर होते, चाकं बरोबर होती, तेव्हा चूक वजनाची होती. मी कमी पडत होते. "ही पोरगी जेवत नाही नीट," त्यांनी काकूंना सांगितलं, आणि काकूंनी ते मनावर घेतलं. रोज रात्री माझ्या दाराशी डबा येऊ लागला. भाकरीवर लोण्याचा गोळा, वाटीत साजूक तुपातला शिरा. मी फुगले, गाडी तशीच कललेली. मिस्त्री म्हणे, "काका, गाडी बराबर शे. तुमनी नजर वाकडी शे." काका म्हणत, "तुझी अक्कल वाकडी आहे."

शेवटी एकदा दोघं ओट्यावर शेजारी शेजारी चहाला बसले असताना काकूंनी बशीत बिस्किटं आणून ठेवली. दोघांनी एकदमच हात घातला. काकू तशाच उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मिस्त्रींची दोन बोटं म्हणजे तुमची तीन होतात."

काकांनी आपला हात पाहिला, मग मिस्त्रीचा पाहिला. मिस्त्रीने आपली जाडजूड बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "मनं बोट जाड शे, त्याले मी काय करू?" त्या दिवसापासून दोन्ही बाजू काकांच्याच बोटांनी मोजायच्या असं ठरलं. माझा शिरा बंद झाला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मुसळाचं प्रकरण याहून वाईट. मागचा रुंद टायर मडगार्डच्या कडेला लागतो, तेव्हा ती कड आतल्या बाजूला वळवून घ्यावी लागते. टायर आणि कड यांच्यामध्ये एखादं गोल, जाड लाकूड घालायचं आणि गाडी पुढेमागे ढकलायची, म्हणजे लाकूड फिरतं आणि पत्रा हळूहळू वळतो. काकांना गोल, जाड लाकूड म्हणून काकूंच्या माहेरचं मुसळ दिसलं. शिसवी होतं, काकूंच्या आजीच्या हातचं. काम झकास झालं. कड अशी वळली की हात फिरवला तरी बोचेना. काकांनी मुसळ पुसून जागच्या जागी ठेवलं, आणि विसरून गेले.

पुढे जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नात घाणा भरायला ते मुसळ मागायला माणूस आला. हळदीत मुसळ उचललं, तर एका बाजूला हिरवा रंग आणि दुसऱ्या बाजूला टायरच्या नक्षीचे काळे वळ. जाऊबाईंनी काकूंना विचारलं, हे काय म्हणून. काकू माझ्या देखत म्हणाल्या, "हे माझ्या सवतीचं दळणकांडण." घरी आल्यावर मात्र काकांशी तीन दिवस बोलल्या नाहीत. काका माझ्याकरवी निरोप पाठवत. "तिला सांग, आता डावं घासत नाही." काकू म्हणत, "त्यांना सांग, उजवं घासतंय."

मला ते दोघं फार आवडायचे. माझं माहेर निफाडला. आमच्या घरी आई-वडील एकमेकांशी फक्त कामाचं बोलत. इथे कामाचं कुणीच बोलत नव्हतं, आणि घर मजेत चाललं होतं.

मग काकूंचे गुडघे गेले. आधीपासून कुरकुरत होतेच. त्या जिन्याखाली उभं राहून मला हाका मारत, वर येत नसत. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं. ते व्यवस्थित झालं, आणि घरी आल्यावर व्यायाम द्यायला मी होतेच. पहिल्या आठवड्यात काकांनी मला पोर्चमध्ये गाठलं. हातात फडकं होतं, पण काहीच पुसत नव्हते.

"गाडीत कधी बसू शकेल?"

"कुठल्या गाडीत?" मी विचारलं. मला समजलं होतं, पण मी उगाच विचारलं.

त्यांनी नुसतं गाडीकडे बघितलं. तिची सीट म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच बसायचं. मला तिच्यातून उठायला दाराचा आधार लागे, आणि मी त्या वेळी तिशीतही नव्हते.

"काका, त्यांना खाली वाकून बसायचंच नाहीये. आता नाही आणि पुढेही नाही. सीट गुडघ्याच्या वर पाहिजे."

"किती वर?"

मी त्यांच्या भाषेत सांगितलं. "चार बोटं तरी."

त्यांनी चार बोटं सीटजवळ धरून बघितली आणि हात खाली घेतला. रोग्याच्या नातेवाइकांना मी बऱ्याच गोष्टी सांगितल्या आहेत, पण कुणाचा चेहरा असा उतरलेला मला आठवत नाही.

काकूंचं शनिवारचं भजन बंद झालं. पूर्वी त्या काकांच्या स्कूटरवर मागे बसून पंचवटीत जायच्या, आता स्कूटर कायमची बंद. रिक्षाची पायरी उंच, आत पाय दुमडून बसावं लागतं. टॅक्सी बोलवू, असं मी दोनदा म्हणाले. दुसऱ्या वेळी काकू म्हणाल्या, "दारात गाडी असताना टॅक्सीतून उतरले, तर बायका यांनाच हसतील. त्यापेक्षा नाही गेलेली बरी." मंडळातल्या बायका एकदा भेटायला आल्या. त्यांच्या जागी कोण पेटी वाजवतं, ते काकूंनी विचारलं, आणि नाव ऐकून फक्त "बरं" म्हणाल्या. घरात काम करताना त्या सतत काहीतरी गुणगुणायच्या, ते थांबलं होतं. काकांच्या ते लक्षात आलं की नाही, मला कळत नव्हतं. एके दिवशी ते म्हणाले, "घर फार शांत वाटतंय," आणि मग मला कळलं.

त्या महिन्यात काकांनी गाडी उंच केली. मिस्त्री तयार नव्हता. "काका, नका करू. बठ्ठी रया जाई तिनी," तो हात जोडून म्हणत होता. काका म्हणाले, "कर." मागे पाटे वाढवले, पुढे स्प्रिंगांखाली जाड रबर घातलं, रुंद टायर काढून साधे, अरुंद टायर चढवले. काढलेले टायर काकांनी स्वतः धुतले, पुसले आणि जिन्याखाली एकावर एक रचून वर जुनी चादर टाकली. मी जिना चढता-उतरताना तिकडे बघायचं टाळत असे.

रविवारी ते काकूंना हात धरून पोर्चमध्ये घेऊन आले. काकू वॉकर टेकत टेकत गाडीच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. गाडी चारही पायांवर ताठ उभी होती, चाकांच्या वर हातभर अंधार. काकांनी दार उघडलं. सीट बरोबर गुडघ्याच्या चार बोटं वर होती.

"ही कुणाची?" काकूंनी विचारलं.

"आता टेकत नाही," काका म्हणाले. "घासत नाही. मी चारदा नेऊन पाहिली. बस."

"मी नाही बसत."

"का? आता काय राहिलं?"

"इतकी वर्षं खिडकीतून बघतेय मी तिला," काकू म्हणाल्या. "मांजर कशी उंदरावर झेप घ्यायला बसते, तशी बसायची. भाजी निवडताना मान वर केली की दिसायची. आणि हे काय करून ठेवलंत? मांजराला काठ्या बांधल्यासारख्या. हिच्यात बसून मी जाणार नाही कुठे."

"तुझ्यासाठीच केली ना गं!"

"मग मला विचारायचं होतं."

काका बागेच्या कठड्यावर बसले. माझ्यापुढे ते कधी असं बोलले नव्हते. "खाली केली तर टेकते. टेकली तर तू बसत नाहीस. उंच केली, तरी तू बसत नाहीस. मी करू तरी काय?"

"ते तुम्ही बघा," काकू म्हणाल्या. "स्प्रिंगांच्या कारखान्यात होतात ना?" आणि वॉकर वळवून आत गेल्या. पण आत जाताना त्यांनी जिन्याखालच्या टायरांवरची चादर ओढून काढली.

मिस्त्री इतका खूश मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेज बंद ठेवलं आणि गाडी पुन्हा खाली करायला घेतली. रुंद टायर चढले, वाढवलेले पाटे निघाले, नाक वाकलं. शेवटचे नट आवळायला गाडीखाली जायचं होतं, म्हणून चारही चाकं ठोकळ्यांवर चढवली. काकांनी बाभळीच्या लाकडाचे चार ठोकळे करून घेतलेले होते. एका बाजूला उतार, वर सपाट, कडेला चाक अडायला पट्टी. गाडी उतारावरून वर न्यायची, की सबंधच्या सबंध उंच होते आणि खाली माणूस मावतो. मिस्त्री खाली आडवा झाला होता, काका मागे डिकीत डोकं घालून काहीतरी शोधत होते. हवा लागावी म्हणून दोन्ही दारं उघडी.

मी काकूंना अंगणात फेऱ्या घालायला लावल्या होत्या. तिसऱ्या का चौथ्या फेरीला त्या गाडीपाशी दमल्या. वॉकर धरून वळल्या, मागे काय आहे ते हाताने चाचपलं, आणि बसल्या.

गाडी जराशी दबली. खालून मिस्त्री ओरडला, "अरे, कोण बसनं वर?"

"मी," काकू म्हणाल्या.

डिकीतून काकांचं डोकं वर आलं. ते गाडीला वळसा घालून आले. काकू सीटवर बसल्या होत्या, पाय बाहेर, पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली. मांजर तशीच दबा धरलेली, फक्त ठोकळ्यांवर. काका हळूच खाली उकिडवे बसले आणि काकूंचा गुडघा आणि सीटची कड यांच्यात त्यांनी आपला हात आडवा धरला.

"चार," ते म्हणाले. "हलू नकोस."

"हलत नाहीये," काकू म्हणाल्या.

मला हसू यायला लागलं आणि त्यातच रडूही यायला लागलं. मिस्त्री खालून सारखा विचारत होता, काय झालं, काय झालं. त्याला कुणी सांगेना.

पुढे हा शनिवारचा सोहळा पंचवटीत सगळ्यांच्या ओळखीचा झाला. भजनाच्या हॉलसमोर गाडी थांबे. काका उतरून डिकीतून चार ठोकळे काढत, प्रत्येक चाकापुढे एकेक मांडत, फडक्याने पुसत, पुन्हा आत बसून गाडी वर चढवत. मग पलीकडे जाऊन दार उघडत, आणि काकू सावकाश, पदर सावरत उतरत. निघताना पुन्हा हेच सगळं उलट. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत राहत, काका ढुंकून बघत नसत. स्टीअरिंग डावीकडे असल्यामुळे काकू बघणाऱ्याला ड्रायव्हरच्या जागी दिसायच्या. एकदा एका पोलिसाने हात दाखवून त्यांच्याकडे लायसन्स मागितलं. काकूंनी दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले आणि म्हणाल्या, "मी काहीच चालवत नाही. ते चालवतात असं त्यांना वाटतं."

पण पहिल्या शनिवारी ती गाडी पंचवटीपर्यंत पोचेल की नाही, याचीच खात्री नव्हती. काकू पोर्चमधल्या ठोकळ्यांवरून गाडीत बसल्या. लग्नातली ती पैठणी नेसल्या होत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं. गाडी खाली उतरली, काकांनी आणि मिस्त्रीने ठोकळे उचलून डिकीत टाकले. मदतीला म्हणून मी मागच्या अरुंद सीटवर अंग चोरून बसले. मागच्या चाकांवर दोन बोटं जागा होती. काकांनी सकाळी तीनदा पाहिली होती.

गाडी गल्लीतून निघाली आणि मग माझ्या लक्षात आलं. त्या दोन बोटांचा सगळा हिशेब एका वजनाचा होता. एक काकू, किंवा त्यांच्या बदली मी आणि साखर. आता काकूही होत्या, मीही होते, आणि डिकीत बाभळीचे चार ठोकळे होते. इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण काकू खरोखर बसल्यावर काय होईल, याचा विचार करायची कधी वेळच आली नव्हती. मी काकांना सांगायला तोंड उघडलं, तोवर स्पीडब्रेकर आला होता.

काकांनी नेहमीसारखं "श्वास सोड" म्हटलं नाही. पुढची चाकं चढली, उतरली. मग खालून आवाज आला. खर्रर्र. लांबलचक, चांगला मोठा, आरामात घासत गेलेला. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली.

काकांनी गाडी थांबवली. दोन्ही हात स्टीअरिंगवर तसेच ठेवून ते समोर बघत राहिले. मानेवरची शीर हलताना मला मागून दिसत होती. काकूंकडे बघायची त्यांना हिंमत होत नव्हती.

काकूंनी पदर नीट केला. "का थांबलात?"

"टेकली," काका म्हणाले.

"काय टेकलं?"

"गाडी. मधला पाइप."

काकूंनी क्षणभर खिडकीबाहेर बघितलं.

"मला नाही बाई काही ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "चला, भजन सुरू होईल तिकडे."

काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी गाडीचं छत बघत होते. त्यांनी गिअर टाकला. पंख्याच्या जाळीतून कांद्याचं एक टरफल उडून काकूंच्या मांडीवर पडलं, ते त्यांनी उचलून मुठीत धरलं आणि बारीक आवाजात गुणगुणायला सुरुवात केली. मागची चाकं स्पीडब्रेकरवर चढली, आणि पुन्हा आवाज आला, पहिल्याहून मोठा. काकूंनी फक्त पट्टी थोडी वर नेली.